पाठीवरचे काळे गोल आणि बंद केलेली गोळी

बेळगावातल्या वडगावच्या एका बहिणीचं पत्र आलं आहे. नाव न छापण्याची विनंती आहे, म्हणून नाव गाळून त्यातला मुख्य भाग देते.

«ताई, आमच्या घरी दोन यंत्रमाग आहेत. ह्यांचं वय ५२, तीस वर्षं मागावरच. मान आणि खांदा सारखा धरतो. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय, शुगरच्या गोळ्याही आहेत. गेल्या महिन्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून हे मसाज आणि कपिंग, म्हणजे आतली हवा ओढून पाठीला कप चिकटवणं, करून घ्यायला गेले. आधी तेल लावून पाठ रगडली, मग बारा कप लावले. घरी येऊन शर्ट काढला तर पाठभर काळे-जांभळे गोल. सासूबाई रडायलाच लागल्या. पण दोन दिवस ह्यांना खूप बरं वाटलं, शांत झोपही लागली. तिसऱ्या दिवशी परत तसंच. तिथले म्हणतात, डाग जेवढा काळा तेवढं अंगात विष जास्त, दहा वेळा यावं लागेल. पुढच्या वेळी बारीक चिरा देऊन खराब रक्त काढणार आहेत. त्यासाठी रक्त पातळ करायची गोळी चार दिवस बंद ठेवा म्हणाले. ह्यांनी परवापासून बंद केलीय. एका कागदावर सही घेतली, तो कन्नडमध्ये होता, आम्हाला वाचता आला नाही. मी रबरी कप ऑनलाइन मागवलेत. रविवारी ह्यांची पाठ मीच चोळते, तर कपही घरीच लावले तर चालेल का? मागाच्या सुताच्या कांड्या भरून भरून माझाही खांदा भरून येतो, पण ते जाऊ दे.»

ताई, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या मी तुम्ही दिलेल्या नंबरवर फोन केला, कारण गोळीची गोष्ट सदर छापून येईपर्यंत थांबणारी नव्हती. यजमानांनी त्याच रात्री गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी हृदयाच्या डॉक्टरांना खाडा सांगितला, हे तुम्ही कळवलंत. फार बरं वाटलं. तरी इथं पुन्हा लिहिते, कारण अशा गोळ्या आपल्या भागात घराघरांत आहेत आणि त्या कुणाच्याही तोंडी सांगण्यावरून बंद होतात.

स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून ती आत कायमची बसवलेली असते. रक्तातल्या प्लेटलेट्स म्हणजे गुठळी धरणाऱ्या कणिका. त्या या जाळीला चिकटून एकमेकींत गुंतायला लागल्या तर आतच गुठळी होते आणि काही मिनिटांत हार्ट अटॅक येऊ शकतो. यजमानांची रक्त पातळ करायची ती छोटी गोळी, म्हणजे ॲस्पिरिन, हे गुंतणं रोखते. बहुतेकांना ती जन्मभर घ्यावी लागते. ती थांबवायची की नाही, किती दिवस, हे फक्त हृदयाचे डॉक्टर ठरवतात. मोठ्या ऑपरेशनच्या आधीसुद्धा सर्जन त्यांना विचारून मगच ठरवतात. पाठीला चिरा देण्यासाठी ती गोळी बंद करायला सांगणाऱ्या माणसाला आपण काय सांगतोय हे समजलेलं नाही. त्या एका वाक्यासाठीच यजमानांनी तिथं पुन्हा जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कपांकडे वळू.

हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. नाव तेवढं नवं आहे. माझी आजी खानापूर तालुक्यातली. पोटात गोळा आला, वाटी सरकली, असं कुणी म्हणालं की ती बेंबीजवळ कणकेची पणती ठेवून वात पेटवायची आणि वर तांब्या उपडा घालायची. वात विझली की तांब्या पोटाला घट्ट बसायचा. आम्ही पोरं डोळे विस्फारून बघत राहायचो. वैदू मंडळी गावोगाव फिरून तुंबडी लावायची, शिंगाच्या टोकाला तोंड लावून आतली हवा ओढून घ्यायची. सुश्रुतसंहितेत तर वाताने बिघडलेल्या रक्तासाठी शिंग, पित्तासाठी जळू आणि कफासाठी अलाबू, म्हणजे आत दिवा ठेवलेला भोपळा, अशी वाटणीच केलेली आहे. युनानी वैद्यकात याला हिजामा म्हणतात आणि तेल लावून चोळण्याला दलक. आपल्या शहरात अनेक कुटुंबं हिजामा श्रद्धेनं करतात, चांद्र महिन्याची १७, १९, २१ तारीख पाहून करतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे लाल गोल साऱ्या जगानं पाहिले आणि त्यानंतर हे कप जिमपासून ब्युटी पार्लरपर्यंत सगळीकडे पोचले.

सगळ्यामागची युक्ती एकच. कपातली हवा कमी झाली की आतली कातडी आणि तिच्याखालचा मऊ भाग वर ओढला जातो. हाताने चोळताना आपण स्नायू खाली दाबतो, कप तोच स्नायू वर उचलतो. म्हणून मसाजनंतर कप लावले की एरवी हाताला न लागणारी जागा मोकळी झाल्यासारखी वाटते. यजमानांना दोन दिवस बरं वाटलं ते खरंच बरं वाटलं, त्यात त्यांच्या मनाचे खेळ आहेत असं मी म्हणणार नाही. तेल, ऊब, कुणीतरी तासभर पाठीकडे लक्ष देणं, तासभर मागापासून लांब आडवं पडणं, या सगळ्याचा गुण असतो.

पण ते काळे गोल म्हणजे विष नव्हे. सासूबाईंना हे तुम्ही नक्की सांगा, त्यांच्या जिवाला घोर लागला असेल. कपाने कातडी जोरात ओढली की खालच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त कातडीखाली झिरपतं. दाराच्या बिजागरीत बोट सापडल्यावर काळंनिळं होतं, तोच हा प्रकार. ओढ जास्त, वेळ जास्त, तर डाग काळा. ॲस्पिरिन घेणाऱ्याच्या अंगावर तर तो आणखी गडद उठणारच, कारण त्याचं रक्त लवकर थांबत नाही. ठणठणीत माणसाच्या मांडीवर तोच कप दहा मिनिटं ठेवला तर तिथेही तसाच गोल उठेल. शरीरातली घाण काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करतात, ती घाण पाठीच्या कातडीखाली साठून बसलेली नसते. डाग आठ-पंधरा दिवसांत आपोआप फिका होतो. डागाच्या रंगावरून दहा बैठका ठरवणं म्हणजे दुखण्याशी संबंध नसलेल्या मापाने दुखणं मोजणं झालं.

याबद्दल अभ्यास झालेले आहेत आणि त्यातले दोन तुमच्या प्रश्नाला थेट भिडतात. २०१६ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात अंगभर दुखण्याचा त्रास असलेल्या १४१ रुग्णांचे गट केले. काहींना खरे कप लावले, काहींना बारीक छिद्र पाडलेले, ज्यांत ओढ टिकतच नाही असे. कप न लावलेल्यांपेक्षा खऱ्या कपांनी जास्त आराम दिला, पण छिद्राच्या कपांपेक्षा नाही. म्हणजे ओढीचा वाटा आपल्याला वाटतो तेवढा नसावा.

दुसरा अभ्यास २०१३ चा, तोही जर्मनीतला, आणि तो वाचताना मला तुमची रविवारची पाठ चोळणी आठवली. मान जुनी दुखत असलेले ६१ जण घेतले. निम्म्यांच्या घरच्या माणसाला तेल लावून कप फिरवत मसाज करायला शिकवलं. बाकीच्यांना एकेक स्नायू आवळून सैल सोडण्याचा व्यायाम शिकवला. आठवड्यातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं, बारा आठवडे. दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं आणि दोघांत दुखण्याच्या बाबतीत म्हणावा असा फरक पडला नाही. कपवाल्यांना एकंदर बरं मात्र थोडं जास्त वाटलं. घरच्या हातांनी झालेल्या कामाला इतका गुण येतो, हे मला फार मोलाचं वाटतं. यात कुठेही चिरा नाहीत, काळे डाग उठवण्याचा आग्रह नाही, आणि पैसे तर नाहीतच.

मग यजमानांना घरी कप लावू का? सध्या नको. ॲस्पिरिन चालू, त्यात मधुमेह. एखाद्या ठिकाणी कातडी सोलली किंवा फोड आला तर जखम भरायला वेळ लागेल आणि जंतू धरायची भीती. त्यांच्या डॉक्टरांना मोकळेपणी विचारा. ते हो म्हणाले तरच पुढे, आणि तेव्हाही फक्त हलके फिरते कप. चिरा देऊन रक्त काढणं त्यांच्यासाठी नाहीच. नुसता हाताचा मसाज मात्र खुशाल चालू ठेवा. तीळतेल कोमट करा, पण गरम आहे की नाही ते आधी तुमच्या मनगटावर बघा. शुगरवाल्याला चटका उशिरा कळतो. आपल्या पावसाळ्यात खोली गार असते, खिडकी लावून घ्या. कण्यावर आणि हाडांवर दाबायचं नाही, कण्याच्या दोन्ही बाजूंनी तळहाताने वर-खाली, मग मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत. मानेच्या पुढच्या बाजूला, नाडी लागते तिथं, हात लावायचा नाही.

आता मला एक विचारायचंय. खांदा कोणता दुखतो ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि कधी दुखतो तेही नाही. स्टेंटवाल्या माणसाच्या बाबतीत ते मला आधी हवं. जिना चढताना, घाईने चालताना, जेवल्यावर लगेच कामाला लागताना खांदा किंवा मान किंवा जबडा दुखत असेल आणि थांबल्यावर राहत असेल, तर ते दुखणं स्नायूचं नसून हृदयाचं असू शकतं. असं असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे. बसल्या बसल्या दुखून घाम फुटला, छाती जड झाली, दम लागला, तर तेल आणि कप लांब ठेवा आणि थेट १०८ ला फोन. सिव्हिल असो की दुसरं कुठलं, जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. मधुमेहात हार्ट अटॅकचं दुखणं कधी कधी छातीत नीट जाणवतच नाही, म्हणून एवढं बजावते.

हे काही नसेल तर दुसरी शंका. यजमानांना शर्टाच्या बाहीत हात घालायला त्रास होतो का? पायजम्याच्या मागच्या खिशापर्यंत हात जातो का? डोक्यावर तेल चोळताना कोपर वर येतं का? येत नसेल, आणि तुम्ही धरून उचलायला गेलात तरी हात अडत असेल, तर खांद्याचा सांधा आखडलाय. फ्रोझन शोल्डर म्हणतात ते हेच. मधुमेह असलेल्यांत हे बरंच जास्त दिसतं. यात सांध्याभोवतीचं आवरण जाड आणि घट्ट होतं. ते खोल असतं, कपाची ओढ तिथवर पोचत नाही. सुटायला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, आणि शुगर आटोक्यात नसेल तर आणखी रेंगाळतं. हाडांच्या डॉक्टरांना दाखवून व्यायाम शिकून घ्यावा लागतो. तोवर एक साधा व्यायाम चालेल: चांगला हात टेबलावर टेकवून थोडं पुढं वाकायचं आणि दुखरा हात लंबकासारखा सैल सोडून हलकेच झुलवायचा, दिवसातून तीन-चार वेळा, दोन-दोन मिनिटं. हाताला हिसके द्यायचे नाहीत, जोर लावायचा नाही.

आणि हातात मुंग्या, बोटांतली ताकद कमी, वस्तू हातातून निसटणं, ताप, कारण नसताना वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काहीही असेल तर मसाजच काय, माझ्या या पत्रावरही विसंबू नका. डॉक्टरांना दाखवा.

बत्तीस वर्षं फिजिओथेरपी करताना मी मागावरची बरीच माणसं पाहिली. दुखणं मागाजवळच असतं. तुटलेला धागा सांधायला पुढं वाकून मान खाली, तशीच चार-चार मिनिटं. कांडी संपली की धोटा, म्हणजे कांडी घेऊन मागात इकडून तिकडे धावणारा तुकडा, बदलायला तोच हात, दिवसाला कितीतरी वेळा. दोन मागांच्या मधे उभं राहून एका खांद्यावरून मागं वळून बघणं. उंचीने कमी असेल तर कोपर सगळा वेळ खांद्याच्या पातळीला उचललेलं. हे तसंच चालू राहिलं तर रविवारच्या मसाजचा गुण सोमवारी दुपारपर्यंत संपणार. तिसऱ्या दिवशी परत तसंच, असं तुम्ही लिहिलंय, त्याचं हेच कारण असावं. यजमान उभे राहतात तिथं एक मजबूत फळी टाकून बघा, कोपर कमरेच्या जरा वर येईल इतकी. धागा शोधायला डोकं खुपसावं लागतं, कारण उजेड कमी असतो. मागावर एक ट्यूबलाइट खाली आणून लावा. एवढ्यानं माझ्या एका रुग्णाची मान महिन्याभरात निम्मी मोकळी झाली होती. आणि दर तासाला माग चालू असतानाच, दोन पावलं मागं येऊन, खांदे कानापर्यंत उचलून सोडायचे आणि पाठीचे दोन्ही फणे, म्हणजे खांद्यामागची चपटी हाडं, एकमेकांकडे ओढायचे, दहा वेळा. माग थांबवावा लागत नाही, म्हणून माणसं हे करतात.

त्या कन्नड कागदाचं. आपल्याकडं बोलणं मराठीत होतं आणि कागद कन्नडमध्ये येतो, ही सीमाभागातल्या कितीतरी घरांची रोजची अडचण आहे. बिनधास्त सांगायचं, मला मराठीत वाचून दाखवा, समजल्याशिवाय सही करणार नाही. यात लाजण्यासारखं काही नाही आणि समोरच्याचा अपमानही नाही. जवळच्या कुणा कन्नड वाचणाऱ्या पोराला सोबत न्या. कर्नाटकात खासगी दवाखान्यांसाठी २००७ चा कायदा आहे, त्याखाली नोंदणी करावी लागते, तिचं प्रमाणपत्र दाखवायला सांगा. चिरा देऊन रक्त काढायचं असेल तर समोरचा माणूस युनानीचा बीयूएमएस किंवा आयुर्वेदाचा बीएएमएस असा नोंदणी झालेला वैद्य हवा, पातं नवं पाकीट फोडून काढलेलं हवं आणि कपही त्याच माणसापुरता वापरून टाकून देण्याचा. तेच पातं, तेच कप दुसऱ्याला वापरले तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. मसाजचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे म्हणून कुणाला चिरा द्यायचा अधिकार मिळत नाही.

आता तुम्ही «ते जाऊ दे» म्हणून सोडलेल्या ओळीकडे येते, ती मी सोडणार नाही.

कांड्या भरणारा हात दिवसभर एकाच चालीनं चालतो, त्यात स्वयंपाक, पाणी, सासूबाईंचं करणं. तुमचा खांदा भरून येतो हे दुखणं यजमानांच्या दुखण्याहून लहान नाही. तुम्हाला शुगर नाही, रक्ताची कुठली गोळी नाही, रक्त कमी असल्याचं कुणी सांगितलेलं नाही, हे फोनवर तुम्ही मला सांगितलंत. मग तुम्ही मागवलेले ते रबरी कप तुमच्याच कामाला येऊ देत. मुलीला शिकवा, ती बारावीत आहे म्हणालात, तिला सहज जमेल.

तुम्ही खुर्चीवर उलटं बसून खुर्चीच्या पाठीवर हात आणि कपाळ टेकवायचं, म्हणजे खांदा सैल पडतो. मुलीनं आधी पाच मिनिटं नुसतं हातानं चोळावं, तेल भरपूर, कारण कप सरकायला हवा. मग कप अगदी थोडा दाबून टेकवायचा आणि सोडायचा. कातडी कपात बोटाच्या पेराच्या पाव भागाएवढी वर आली तरी खूप झालं. जोर जास्त झाला की कप सरकत नाही, तेव्हा काढून परत लावायचा. मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकाकडे सावकाश ओढत न्यायचा, तिथं कड बोटानं उचलून हवा आत सोडायची आणि मग कप काढायचा. ओढून उपटायचा नाही, कातडी सोलते. मग परत मानेपासून. फण्याच्या आतल्या कडेनं वर-खाली, पण कण्यावर नाही, फण्याच्या हाडावर नाही. एका बाजूला चार-पाच मिनिटं. कातडी गुलाबी झाली की थांबायचं, जांभळी होऊ द्यायची नाही. तीळ, मस, पुरळ, खरचटलेली जागा असेल तर वळसा घालायचा. कप एका जागी लावून विसरायचा नाही. आग लावून कप बसवायचे काचेचे प्रकार घरी अजिबात नकोत, स्पिरिटनं भाजलेल्या पाठी मी पाहिल्या आहेत.

झाल्यावर कप साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवा. आठवड्यातून दोनदा पुरे. आणि कुणी पोटुशी बाई शेजारून करून घ्यायला आली तर तिच्या पोटाला, कमरेला कप लावू नका, तिला फक्त हातानं पाय चोळून द्या.

महिन्यानं मला परत लिहा. यजमानांचा खांदा कोणता ते, बाहीत हात जातो का ते, आणि तुमच्या खांद्याचं, या वेळी एका ओळीपेक्षा जास्त.